फितीमागची खोली

शिपाई हौशीरामने लाल फितीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं दारापलीकडच्या खिळ्याला गुंडाळलं आणि मधोमध बोट मारून ताण बघितला. मग तो समाधानाने मागे वळला. मागे सृष्टी उभी होती.

"मामा, आत मॅडम आहेत का?"

"आत कुणी न्हाई. आत जायचं न्हाई."

"पण खोली आजपासून सुरू ना?"

"सुरूच हाय. निस्तं उद्घाटन झालं का उघडायची."

तळेगावच्या त्या महाविद्यालयात ही खोली पावसाळ्यापासून तयार होती. दारावर 'मनमोकळा कक्ष' अशी पाटी होती. आत दोन खुर्च्या, एक छोटा सोफा आणि सोफ्यावर कंपनीचं प्लास्टिक. समुपदेशक म्हणून अनघा मॅडमची नेमणूकही तेव्हाच झाली होती. पण माननीय साहेबांची तारीख मिळत नव्हती, आणि तारीख मिळेपर्यंत दार उघडणं म्हणजे साहेबांचा अपमान. म्हणून अनघा मॅडमना तात्पुरती जागा दिली होती ती स्टाफरूममध्ये, चहाचा थर्मास आणि सांस्कृतिक विभागाचे प्रदीप सर यांच्या मधे. विद्यार्थ्यांनी तिथे येऊन मनातलं निःसंकोच बोलावं, अशी सूचना फलकावर लागली. कुणी आलं नाही. मुलांमध्ये मोकळेपणा राहिलेला नाही, असं प्रदीप सरांचं त्यावर निरीक्षण होतं.

हौशीरामला यात वावगं काही वाटत नव्हतं. त्याच्या गावात एसटीच्या थांब्याला नवं पत्र्याचं शेड झालं, तेव्हा उद्घाटन होईस्तोवर सगळं गाव शेडच्या शेजारी उन्हात उभं राहत असे. एक म्हातारा चुकून सावलीत बसला, तर त्याला समजावून बाहेर आणलं होतं.

सृष्टी कामशेतहून यायची. खरं म्हणजे यायची नाही. गेले काही आठवडे ती डबा घेऊन कॉलेजला निघत होती आणि कॉलेजला पोचत नव्हती. हे घरी ठाऊक नव्हतं, मैत्रिणी तिला आजारी समजत होत्या, आणि तिला स्वतःलाही याचं कारण सांगता आलं नसतं. फक्त एकदा कुणाला तरी, दार लावून, सांगून बघायचं होतं. आज खोली सुरू होतेय असा निरोप ग्रुपवर आला आणि ती कितीतरी दिवसांनी फाटकातून आत आली. आत आल्याबरोबर तिची हजेरी घेऊन तिला स्वागताच्या रांगेत उभं करण्यात आलं होतं. तिथून ती निसटली होती.

रांग सकाळपासून व्हरांड्यात होती. दोन्ही भिंतींवर रंगीत तक्ते लावलेले होते. 'स्वतःसाठी वेळ काढा.' 'थकवा आला तर थांबा.' 'भरपूर पाणी प्या.' पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांसाठी मोजून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या तक्त्याखालच्या मुली नळाकडे गेल्या, आणि रांग मोडली म्हणून परत आणल्या गेल्या. प्रदीप सर दीर्घ श्वसनाच्या प्रात्यक्षिकाची तालीम घेत होते. साहेब पायरी चढले की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा होता. मागच्या बाजूला कुणीतरी तो आधीच सोडला.

"श्वास मनाने सोडायचा नाही," सर माइकवरून म्हणाले. "साहेब स्थानापन्न झाल्यावर सोडायचा."

साहेब तेव्हा भुशी धरणावर होते. तिथे सेल्फी पॉइंटचं उद्घाटन आटपून ते निघणार होते. निघालेच आहेत, असं त्यांचा माणूस दर थोड्या वेळाने फोनवर सांगत होता, आणि त्याच्या मागून भजी तळल्याचा आवाज येत होता.

सृष्टीला अनघा मॅडम जिन्याजवळ सापडल्या. त्यांच्या हातात औक्षणाचं ताट दिलं होतं. सृष्टीने विचारलं, तुमच्याशी बोलायचंय, कुठे बोलू. मॅडमनी आधी खोलीकडे पाहिलं, मग माइककडे, आणि सवयीने म्हणाल्या की आज जरा गडबड आहे, उद्या सकाळी निवांत ये.

सृष्टीने मान हलवली. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"उद्या मी येणार नाही, मॅडम."

"सुट्टी आहे का?"

"नाही. उद्या मला जमणार नाही. आज कसं जमलं तेच कळत नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, वेळापत्रक सांगावं तसं. अनघा मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिने डबा दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता. मॅडमनी ताट जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. निरांजन विझलं.

"हौशीराम, किल्ली द्या."

हौशीरामने माइकच्या दिशेला पाहिलं. मॅडमची नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची होती, हे त्याला माहीत होतं. त्याची स्वतःची कायम होती, तरी त्याने किल्लीचा खिसा हाताने दाबून धरला. म्हणाला, प्रदीप सर लय बोलतील.

"बोलू दे. त्यांनी तरी मोकळं व्हावं."

हौशीरामने किल्ली काढली. कुलूप उघडलं, दोन बोटांनी फीत वर उचलली आणि दोघी वाकून आत गेल्यावर परत होती तशी खाली सोडली. मग तो फितीसमोर, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने, उभा राहिला.

आत नव्या रंगाचा वास होता. अनघा मॅडमनी कडी लावली, सोफ्यावरचं प्लास्टिक ओढून कोपऱ्यात टाकलं. सृष्टी बसली. मग बोलायला लागली ती घरापासून. आई पहाटे उठून भाकरी करते तिथपासून, कामशेतच्या फलाटापासून. लोकल वडगाव सोडते तेव्हा हाताला घाम सुटतो, तिथपासून. तळेगाव आलं की सगळे उतरतात आणि तिचे पाय उठत नाहीत.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. सगळ्या व्हरांड्याने एकदम श्वास घेतला. हार झाले, औक्षण झालं, वेगळं ताट मिळालं असावं. साहेबांचं मनोगत सुरू झालं. आजच्या तरुणांचं कुणी ऐकून घेत नाही, हे त्यांनी माइकवरून इतक्या मोठ्याने सांगितलं की सृष्टीला वाक्य मधेच थांबवावं लागलं. ती थांबली, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झाली.

कात्रीचा आवाज आला नाही, टाळ्यांचा आला. मग दाराची मूठ फिरली. पुन्हा फिरली. कुणीतरी खांद्याने ढकलून पाहिलं.

"अरे, आतून बंद आहे," साहेबांचा आवाज आला. "मग आम्ही उद्घाटन कशाचं केलं?"

"दाराचं, साहेब," हौशीराम म्हणाला.

प्रदीप सर दाराच्या फटीशी तोंड आणून म्हणाले, मॅडम, दोनच मिनिटं, फक्त फोटो, मग तुमचं चालू द्या. अनघा मॅडम अर्ध्या उठल्या. त्यांची नजर दारावरून सृष्टीवर आली, पुन्हा दारावर गेली. उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आवाज आला तो सोफ्यावरून.

"थांबा. माझं झालेलं नाही."

कोण आहे, कुणाची आहे, अशी बाहेर कुजबुज. मग प्रदीप सरांचा आवाज, कार्यक्रमात वापरतात तो, गोड.

"बरं, बाळा. साधारण किती वेळ लागेल?"

सृष्टीने डबा मांडीवरून खाली ठेवला.

"माहीत नाही, सर. तळेगावला उतरता येत नाही म्हणून मी पुढं जाते. सांगताना आत्ता कुठं पुढचं स्टेशन, घोरावाडी, आलंय."

अनघा मॅडम परत खाली बसल्या.

"घोरावाडीला उतरतेस?" त्यांनी विचारलं.