मार्थाचा लिलाव

"मी, कृपादान भिंगारदिवे, येत्या कापणीच्या सणाला माझ्या कळपातील सर्वांत उत्तम शेळी परमेश्वराच्या चरणी अर्पण करीन," असे भर उपासनेत उभे राहून कृपादानने जाहीर केले आणि सदऱ्याची घडी सांभाळत तो खाली बसला. पुरुषांच्या बाजूने जोरात 'आमेन' झाले. बायकांच्या बाजूला त्याची बायको ग्रेस बसली होती. तिने आमेन म्हटले नाही.

आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात. मध्ये ऐसपैस वाट. ही पद्धत कुणी घातली ठाऊक नाही, पण घालणारा नक्की पुरुष असणार. नवरा भलतेच काही बोलायला उठला तर बायकोला त्याचा सदरा मागून ओढता येत नाही.

कृपादानचाही अगदीच दोष नव्हता. त्याच्या आधी एडविन मास्तरांनी उठून एक क्विंटल सोयाबीन कबूल केले होते. कृपादान आणि मास्तर दोघेही चर्चचे पंच, आणि दोघांचे एकमेकांवर बारीक लक्ष. मास्तरांनी क्विंटल म्हटल्यावर कृपादानला पायली-दोन पायली बाजरीवर भागवणे शक्यच नव्हते.

आता तो 'माझा कळप' म्हणाला त्याविषयी. शेळ्या होत्या सहा. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कृपादान अंगणातल्या खाटेवरून त्यांच्याकडे बघत असे, आणि त्यांचा-त्याचा संबंध तेवढाच होता. चारा आणणे, लेंड्या झाडणे, पिल्ले वाढवणे, पोट फुगले तर रात्री मध्येच उठून तेल पाजणे, हे सगळे ग्रेस एकटी करी. तरी गावात त्यांना 'कृपादानची शेरडं' म्हणत. तालुक्याला शेळीपालनाचे शिबिर झाले, तेव्हा घरात शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाला बोलावणे होते. गेला कृपादान. टोपी, पिशवी आणि चौकटीत बसवण्याजोगे प्रमाणपत्र घेऊन आला आणि ग्रेसला म्हणाला की शेळ्यांना रोज स्वच्छ पाणी पाजावे. ग्रेस तेव्हा हातात पाण्याची बादली घेऊनच उभी होती.

शेळ्यांची नावे तिने बायबलमधून ठेवली होती. कुंपण मोडणारी, दुसऱ्यांच्या घमेल्यात तोंड घालणारी ती ईजबेल, दुष्ट राणीच्या नावाची. आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, गुपचूप दूध देणारी, दरवेळी जुळी देणारी ती मार्था. मुलगा नोहा झाला तेव्हा ग्रेसच्या आईने संगमनेरकडून एक पांढरी पाट, म्हणजे शेळीचे मादी पिल्लू, आणून तिच्या दारात बांधली होती. मार्था त्याच वंशातली. नोहाचे आयटीआय त्या वंशावर झाले, आता तो चाकणला कंपनीत आहे. ग्रेसची आई गेली, तिच्या हातचे म्हणावे असे घरात आता मार्थाच होती.

ग्रेस चर्चमधून घरी आली. उंबऱ्याच्या आत पाय पडल्यावर तिने विचारले, "कुनाला इचारून शेळी दिली?"

"देवाला द्यायला कुनाला इचारायचं?"

"जिची हाय तिला."

"आगं, घरात तुजं-माजं आसतं व्हय? सगळं आपलंच हाय."

"आपलं हाय तर मंग 'माज्या कळपातली' कसं म्हनले?"

"सभेत तसंच बोलत्यात," कृपादान म्हणाला.

"बरं, सगळ्यात चांगली कोनती, ते तरी ठावं हाय का?"

कृपादानने गोठ्याकडे नजर टाकली. "पांढरी."

"पांढऱ्या चार हायेत."

इथून शिंगणापूर जवळ. तिकडे घरांना दारे नाहीत आणि चोरी होत नाही असे सांगतात. चोराची भीती ग्रेसला कधीच वाटली नव्हती, पण नवराच दान करत सुटला तर दाराला कुलूप लावून तरी काय उपयोग, असे तिने शेजारच्या मुक्ताबाईला ऐकवले. मुक्ताबाई आमच्यातली सर्वांत वयस्कर. ती म्हणाली, "दिऊच नको." पण ते ग्रेसला पटेना. देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही, हे तिलाही मान्य होते. म्हणून तर तिला जास्त राग आला होता.

शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "शब्द तुमचा हाय. धरून तुमीच न्या. मी दावं बी देनार न्हाई हातात."

मनात तिचा हिशेब होता की ईजबेल दारातच बांधलेली असते, तीच याच्या हाती लागेल. चर्चला शेळी मिळेल आणि गोठ्याला शांतता.

सणाच्या दिवशी सकाळी कृपादान इस्त्रीचा सदरा घालून गोठ्यात शिरला. ईजबेलने त्याला पहिल्याच भेटीत गुडघ्यावर धडक दिली. बाकीच्या कोपऱ्यात पळाल्या. एकाच शेळीने पुढे येऊन त्याचा खिसा हुंगला, कारण तिला कुणी कधी वाईट वागवले नव्हते. कृपादानने तिच्या गळ्यात दावे अडकवले. गरीब स्वभावाच्या जिवाचे असेच होते, तो आधी सापडतो.

ग्रेस चुलीपासून बाहेर आली तर मार्था फाटकापाशी.

"आवो, ती गाभन हाय."

"मंग तर लईच बरं. देवाला जास्ती पोचंल." एवढे बोलून तो लंगडत चालू लागला.

ग्रेस जागच्या जागी उभी राहिली. तिला रडू आले, आणि रडू आले याचाही राग आला. मग तिने आत जाऊन पेटी उघडली. बोकड विकून गोठ्याच्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे रुमालात बांधले, चांगले लुगडे नेसली आणि चर्चची वाट धरली.

आमच्याकडे कापणीच्या सणाला उपासना झाली की अर्पणाच्या वस्तूंचा आवारात लिलाव होतो. धान्य, भोपळे, केळी, कोंबड्या, अंडी, जे आले असेल ते. पैसे चर्चच्या कामाला जातात. बाहेरचे लोकही येतात. त्या दिवशी घोडेगावच्या बाजारात शेळ्यांचा व्यापार करणारा सूर्यभान मोटारसायकल घेऊन आला होता आणि उपासना चालू असतानाच खिडकीतून मार्थाच्या कासेकडे बघत होता.

लिलाव पुकारतो कृपादान. त्याच्यासारखा खडा आवाज पंचक्रोशीत नाही. पूर्वी एकदा एकाच भोपळ्यावर दोघांनी हक्क सांगितला आणि सणाच्या दिवशी मारामारीची पाळी आली, तेव्हापासून कृपादाननेच नियम घातला की पुकारणाऱ्याने बोली लावणाऱ्याचे नाव घेऊन तीन वार म्हणायचे. ज्याचे नाव पुकारले नाही त्याची बोली धरायची नाही. बायका स्वतः बोलत नसत. बाईला काही हवे असेल तर ती नवऱ्याच्या कानात सांगे आणि नवरा ओरडे. विधवा असली तर मुलगा ओरडे. हा नियम काही कुणी घातला नव्हता, तसे चालत आले होते.

सोयाबीन गेले, केळी गेली, आणि मार्थाला पुढे आणले. तिने गर्दीत ग्रेसला बघितले आणि एकदा ओरडली.

"संगमनेरी शेळी, गाभन, दुधाला भारी," कृपादान गरजला. दुधाला भारी हे त्याला चहावरून माहीत होते.

मास्तरांनी उगाच चढवाचढव केली. सूर्यभान अकरा हजारांवर आला आणि मास्तर गप्प झाले.

"सूर्यभान यांचे अकरा हजार, एक वार..."

"बारा," ग्रेस म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. कृपादानचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. त्याला ऐकू आले नव्हते असे नाही. अडचण वेगळीच होती. लग्नाला तीस वर्षे होऊन गेली, पण त्याने बायकोला 'आगं ए' किंवा 'नोहाची आई' याखेरीज कधी काही म्हटले नव्हते. चारचौघांत बायकोचे नाव घेणे त्याला सदरा काढून उभे राहण्यासारखे वाटे.

"पंच, बोली आली आहे. पुकारा," आमचे तरुण पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, म्हणाले.

"आमच्या घरातनं बारा हजार," कृपादान म्हणाला.

"घराला तोंड आसतं का?" मास्तरांनी विचारले. त्यांना तो सण फार आवडू लागला होता.

"बरं. नोहाच्या आईचे बारा हजार."

"आपल्यात तीन नोहा आहेत," पाळकसाहेब म्हणाले.

मागून दुसऱ्या नोहाची आई घाईने बोलली, "मी काय बी बोलले न्हाई हां. मी गप बसलीये."

कृपादानने घाम पुसला आणि एका दमात म्हणून टाकले, "कृपादान भिंगारदिवे यांचे बारा हजार, एक वार..."

"थांबा," ग्रेस म्हणाली. "कृपादान भिंगारदिव्यांनी शेळी दिलीये. देनाराच परत घेनार आसंल तर एवढी मानसं कशाला गोळा केली? बोली माजी हाय."

लोक हसले. सूर्यभान मात्र हसला नाही. धंद्याचा माणूस तो. "हे बगा," तो म्हणाला, "मी अकराच्या वर जायचा न्हाई. पन नाव पुकारलं तरच बोली, ह्यो नियम तुमचाच हाय. पुकारा, न्हाईतर शेळी मला सोडा. ऊन झालंय." आणि त्याने दाव्याला हात घातला.

ग्रेसचा सगळा ताठा गेला. रुमाल मुठीत घट्ट धरून ती दोन पावले पुढे आली आणि फक्त नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली, पण सगळ्यांनी ऐकले.

"आवो, जाईल ती."

कृपादानने तिच्याकडे बघितले. ती भांडताना त्याने पुष्कळदा बघितली होती आणि त्याची त्याला सवय होती. हे असे काकुळतीला येणे त्याने सासू गेली त्या दिवसानंतर बघितले नव्हते. त्याने ओठ हलवले, पण आवाज फुटेना.

मुक्ताबाई पायरीवरून ओरडली, "आरं, लग्नात घेतलंतंस की तिचं नाव, ह्याच चर्चात. मी हुते."

"तवा पाळकांनी म्हनून घेतलं हुतं," कृपादान कसाबसा म्हणाला.

"मंग आता बी म्हनून घेत्याल," मुक्ताबाई म्हणाली.

पाळकसाहेब वयाने लहान असले तरी समजूतदार आहेत. ते कृपादानच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि लग्न लावताना वापरतात त्याच गंभीर सुरात म्हणाले, "माझ्या मागून म्हणा. ग्रेस."

"ग्रेस," कृपादान पुटपुटला.

"मागं ऐकू आलं न्हाई," मास्तर म्हणाले.

कृपादानने मास्तरांकडे असे बघितले की ते पुढच्या सणापर्यंत पुरावे. मग त्याने छाती भरून घेतली. "ग्रेस कृपादान भिंगारदिवे, बारा हजार, एक वार." आवाज चिरकला. "ग्रेस कृपादान भिंगारदिवे, दोन वार." हा बरा होता. तिसरा मात्र त्याच्या नेहमीच्या आवाजातला होता, आणि तो थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेला. तिथे उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या ड्रायव्हरने वळून बघितले.

त्यानंतर लिलाव सुरळीत व्हायला हवा होता, पण तसे झाले नाही. पुढची वस्तू होती अंड्यांची टोपली. कृपादानने "वैजनाथकडून आलेली अंडी" असे म्हणायला आणि मुक्ताबाईने हात वर करायला एकच गाठ पडली.

"वैजनाथ काय अंडी घालतो व्हय?" ती म्हणाली. वैजनाथ तिचा मुलगा. "कोंबड्या माज्या. माजं नाव पुकार."

मग भोपळे कुणाचे, तूप कुणाचे, कोंबडा कुणाचा, असे निघाले. बायका एकेक पुढे येऊन नावे सांगू लागल्या. काही नावे आम्ही इतक्या वर्षांत प्रथमच ऐकली. दुपारचे जेवण पार लांबले आणि कृपादानचा घसा पुरता बसला.

ग्रेस मार्थाचे दावे धरून घरी निघाली. स्वतःचीच शेळी स्वतःच्याच पैशाने विकत घ्यावी लागते, तेव्हा माणसाला काय वाटते हे सांगणे अवघड आहे. तिला मधेच हसू येत होते आणि पत्र्यांची आठवण झाली की जिवाला चटका बसत होता. थंडी तोंडावर आली होती. सहाही शेळ्यांना या वर्षीही गोणपाटावरच काढावे लागणार होते. पण मार्था पायाला अंग घासत चालली होती, आणि तिला कुणी कुठे नेणार नव्हते. मागून काही अंतरावर कृपादान येत होता. धडक बसलेला गुडघा अजून दुखत असल्यामुळे तो लंगडत होता.

एवढ्यात सूर्यभानची मोटारसायकल मागून आली आणि कृपादानच्या शेजारी हळू झाली.

"कृपादानभाऊ," सूर्यभान म्हणाला, "ते देवाच्या दारातलं झालं. आता आपलं घरगुती बोलू. चार पैसे वर देतो. देता का शेळी?"

कृपादान थांबला. त्याने पुढे चाललेल्या बायकोकडे बघितले, मग सूर्यभानकडे.

"मला काय इचारतो," तो बसक्या आवाजात म्हणाला. "मी आपला मागनं चाललोय."

सूर्यभानने पुढे बघितले. ग्रेसची पाठ बघून पुढे जाऊन विचारण्याचा धीर त्याला झाला नाही. त्याने गाडी वळवली.

ग्रेसने सगळे ऐकले होते. तिने मागे वळून बघितले नाही. हातातले दावे जरा सैल सोडले आणि चाल हळू केली.