दुपारपर्यंत धडधाकट

दुपारपर्यंत मी धडधाकट. तीन वाजले की डावी पापणी खाली येते, शिलाई मशीनच्या एका सुईच्या दोन दिसतात आणि कॉलर पुढे सरकवायला हात उचलत नाही. कारखान्यात सुपरवायझरबाईंनी सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर तुझ्या मशीनवर दुसरी बसवते."

चिठ्ठी आणू कुठून? तीनदा दाखवून आले, तिन्ही वेळा ठणठणीत निघाले. दवाखान्यात माणसासारखं जायचं, हा आमच्या सासूबाईंचा नियम. आदल्या दिवशी सुट्टी, सकाळी उशिरापर्यंत झोप, माझी वेणीसुद्धा त्याच घालणार. मग डॉक्टर माझे हात दाबून बघत आणि म्हणत, "ताकद चांगली आहे. टेन्शन घेऊ नका." घरी नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणे, "कामाच्या वेळेलाच बरी पडते तुझी पापणी." त्याला चांगलं सुनवावंसं वाटे. पण संध्याकाळी जीभही जड झालेली असे, शब्द नाकातून निघत.

शनिवारी मात्र मी हट्टाला पेटले. साडेचारपर्यंत कॉलरी शिवल्या आणि तशीच दवाखाना गाठला. सासूबाई दारात वाट बघत होत्या. "काय हा अवतार," त्या पुटपुटल्या.

डॉक्टरांनी छताकडे बघायला लावलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या पडल्या. मग पन्नासपर्यंत मोजायला सांगितलं. तिसाच्या पुढे माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मायस्थेनिया दिसतोय," ते चिठ्ठी लिहीत म्हणाले. "मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, पण तो घेण्याची जागा तुमच्याच शरीराची संरक्षण यंत्रणा अडवते. वापराल तसा स्नायू थकतो, विश्रांती दिली की पुन्हा चालतो. औषधं आहेत, आजच दाखल व्हा. आधी येताना आराम करून येत होतात का?"

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे दर वेळी मीच हिला बरी करून आणत होते."

मला त्यांची कणव आली. तुमचा काय दोष, आई, असं म्हणून हसायचं होतं. ओठांचे कोपरे वर जाईनात, नुसते दात दिसले.

"रागावलीस ना माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. म्हणून मान हलवायला गेले, तर ती पुढे छातीवर पडली, आणि माझा होकार झाला.