बसवाचा सोमवार

मी एक जुना ट्रेडल आहे, मित्रांनो. म्हणजे पायाने चालवायचं छापयंत्र. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत मी उभा असतो. उभा असतो कसला, उभा करून ठेवलाय! भिंतीपलीकडे विजेवरचं नवं यंत्र दिवसभर धडधडतं आणि त्याच्या दणक्यासरशी माझ्या सांध्यांत वळवळ सुरू होते. गप्प राहणं माझ्या स्वभावातच नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. लहानपणीचं काही विचारू नका, लोखंडाला कुठलं आलंय लहानपण! मुंबईच्या एका छापखान्याने मला वापरून वापरून जुना केला आणि तसाच विकला. आगगाडीने येताना कुर्डुवाडी स्टेशनात माझी वाघीण, म्हणजे मालडबा, दिवसभर बाजूच्या रुळावर लावून ठेवली होती. शेजारून गाड्या पुण्याला जात, मुंबईला जात आणि मी आपला उन्हात तापत पडलेला. थांबणं आपल्याला सोसायचं नाही, हे मला तिथेच कळलं.

मला विकत घेणारे वीरभद्रप्पा मूळचे भुसार व्यापारी. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि हट्ट मात्र सोळा आणे. बाजारभाव गावाला शिळे कळतात, म्हणून त्यांनी 'भीमातीर' नावाचं साप्ताहिक काढलं. ज्वारीचे भाव, जत्रांच्या बातम्या, हरवलेल्या म्हशी, सगळं त्यात असे. माझं नाव त्यांनी बसवा, म्हणजे नंदी, ठेवलं. सकाळी मला विभूती लावून हात जोडत आणि मग दिवसभर चन्नप्पा मला लाथा हाणी. देवाचा मान आणि बैलाचं नशीब एकाच जन्मात मिळालेला माझ्यासारखा दुसरा कुणी नसेल.

चन्नप्पा हा माझा चालक. एका पायाने पायटा दाबायचा, उजव्या हाताने कोरा कागद माझ्या जबड्यात ठेवायचा, जबडा मिटून उघडला की डाव्या हाताने छापलेला काढायचा. हात मागे घ्यायला क्षणाचा उशीर झाला की बोट गेलंच. शाईचे रूळ सरस आणि गुळाचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पाघळत, तेव्हा चन्नप्पा त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखं जपे. मुंग्यांशी तर त्याचं हाडवैर होतं.

पहिल्याच वर्षी संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेची जाहिरात छापायची घाई झाली आणि काम नेमकं सोमवारी निघालं. बाहेरून वाजंत्री चालली होती. चन्नप्पाची मान तिकडे वळली आणि त्याची दोन बोटं माझ्या जबड्यात चिरडली.

"मालक, माझंच ध्यान गेलं," तो कण्हत म्हणाला.

"न्हाय रे," वीरभद्रप्पा रडवेले झाले होते. "आज सोमवार हाय. बैलाच्या मानंवर आपण सोमवारी जू ठेवत न्हाय, मग बसवाला कसं जुपलं आपण?"

त्यांच्या घराण्यात नंदीच्या वारी बैल जुंपत नसत, ही गोष्ट खरी. पण दोष वाजंत्रीचा आणि शिक्षा सोमवाराला! त्या दिवसापासून सोमवारी मला कुणी हात लावेना. गावाला त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र तो वार खायला उठे.

पुढे गिरण्यांत संप होऊ लागले, लोक संध्याकाळी गिरणीच्या दरवाजात बातमीसाठी ताटकळू लागले. वीरभद्रप्पांचा पुतण्या महादेवप्पा पुण्याहून शिकून आला आणि संपादक झाला. त्याच्या पायाला भिंगरी होती. त्याने साप्ताहिकाचं अर्धसाप्ताहिक केलं आणि मग सायंदैनिक. चन्नप्पाच्या पायाचा आणि माझ्या सांध्यांचा पिट्टा पडला, पण काय मजा होती! छापलेली शाई वाळायच्या आत अंक विकला जाई. फक्त सोमवारी अंक नसे. लोक चिडवत, "दैनिक कुटलं, सहावारी हाय की हे!" महादेवप्पा दात ओठ खाई. वीरभद्रप्पा ऐकत नसत आणि जातानाही त्यांनी पत्नीकडून, निंगव्वांकडून, शब्द घेतला की बसवाला सोमवारी जुंपायचं नाही. छापखान्याच्या मालकीण आता निंगव्वा होत्या आणि शब्दाला पक्क्या होत्या.

मग एकोणीसशे तीसचा, मिठाच्या सत्याग्रहाचा उन्हाळा आला. जमावावर पोलिसांचा गोळीबार झाला, गावात गोऱ्या फौजेचा अंमल बसला. आमच्या दाराला सरकारी कुलूप लागलं. कुलूप निघालं तेव्हा गावातली चार माणसं त्या धामधुमीच्या खटल्यात फाशीची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात होती. पुढे अंकात काहीही असो, लोक आधी त्या चौघांचीच बातमी शोधत. सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं.

गड्ड्याचे दिवस आले. त्या सोमवारी दुपारी महादेवप्पा तार हातात घेऊन आत शिरला. चौघांना सकाळीच फाशी दिलं होतं. आणि बाहेर कुणीतरी उठवलं होतं की शिक्षा माफ झाली! जत्रेत लोक एकमेकांना पेढे भरवत होते.

महादेवप्पाने स्वतः अक्षरांचे खिळे जुळवले. मजकूर चार ओळींचा. चौकटीत आवळलेल्या खिळ्यांचा फर्मा माझ्यात बसवला आणि तो निंगव्वांकडे वळला. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"उद्या छाप," त्या म्हणाल्या.

"काकू, उद्या म्हंजे बैल गेला अन् झोपा केला. लोक तितं हसत्यात, पेढं वाटत्यात. त्या चौघांच्या घरी बी पेढं जातील आता."

"गेलेल्या माणसाला शबूद दिलाय मी, महादेवा."

चन्नप्पा पुढे झाला. "अव्वा, मी चालवतो. माझं व्हायचं ते हून गेलंय."

"बेड, बेड!" निंगव्वा कानडीत ओरडल्या, नको, नको. "तुझी ऱ्हायलेली बोटं मला पायजेत."

मी काय सांगू, मित्रांनो! मला तोंड आहे, पण कुणी पाय लावल्याशिवाय ते उघडत नाही. फर्मा पोटात घेऊन मी उभा, आणि बाहेरचं हसणं ऐकू येत होतं. इतकी तगमग मला ना आधी कधी झाली, ना नंतर.

बाहेर कुणीतरी मोठ्याने जयजयकार केला. निंगव्वांनी डोळे मिटले. मग त्या आल्या, माझ्या लोखंडाला विभूती लावली, पदर कमरेला खोचला आणि स्वतःचा पाय पायट्यावर ठेवला.

"शबूद मी दिलावता, मोडायचा बी मीच. चन्नप्पा, तू कागद लाव. हात संबाळ. मी हळू दाबते."

त्यांनी पायटा दाबला. चन्नप्पाचा हात आत येई तेव्हा मला धडकी भरे, कारण जबडा आवरणं माझ्या हाती नव्हतं. एकेक कागद बाहेर पडला. महादेवप्पा गठ्ठा घेऊन धावला. थोड्या वेळाने रस्त्यावरचा आवाज दबत गेला. चौकातल्या हलवायाने म्हणे कागद वाचला आणि पेढ्यांची परात फडक्याने झाकली. चन्नप्पाने आपला हात पाहिला, बोटं होती तेवढी शाबूत होती. तेव्हा कुठे निंगव्वा खाली बसल्या आणि रडल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. "ह्यो कागद कुणी छापला?"

महादेवप्पा तोंड उघडणार तोच निंगव्वांनी पाऊल पुढे टाकलं. "ह्या पायानं."

 फौजदाराने मला साखळी घातली, लाखेचं सील लावलं आणि दाराला कुलूप ठोकलं. कित्येक वर्षं मी अंधारात गंजत राहिलो. कुलूप निघालं तेव्हा माझे रूळ मुंग्यांनी संपवले होते. महादेवप्पाने नवं यंत्र आणलं. 'भीमातीर' आता सोमवारीही निघतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पेठेतल्या बायका मात्र अजून म्हणतात, सोमवार मोडला म्हणून छापखाना इतकी वर्षं बंद पडला. मित्रांनो, तुम्ही तसं म्हणू नका. आणि जुनं यंत्र दिसलं तर धूळ पुसा, सांध्यांत दोन थेंब तेल सोडा. पण त्याला नुसतं पूजेला ठेवू नका, त्याच्याकडून काहीतरी छापून घ्या. कुलूप निघाल्यावर एकदा निंगव्वा मला विभूती लावत होत्या, तेव्हा एका बाईने त्यांना विचारलं, "शबूद मोडल्याचं वाईट वाटत न्हाय व्हय?"

"वाटतं की," निंगव्वा म्हणाल्या. "पर त्या दिशी ह्यो गप ऱ्हायला असता, तर मी ह्याला परत विभूती लावली नसती."