फाटकाबाहेरचा अर्जदार

शेतजमिनीवर घरे बांधण्याची परवानगी मागणारा अर्ज आला, की मी आधी जमीन पाहतो आणि मग कागद वाचतो. तंत्रनिकेतनात भूमापन शिकताना लागलेली ही सवय कौंटीच्या नियोजन समितीवर बसल्यावरही सुटली नाही. ओचोला राबुरू यांच्या अर्जाने मात्र हा क्रम मोडला. कागद इतके नेटके होते, की ते आधीच वाचून झाले. सरोवराकाठच्या किसुमू शहराच्या वेशीवरची सात एकर जमीन, पूर्वी कापूस, आता पडीक, वस्ती नाही, चाळीस घरांचा आराखडा. मालक मोम्बासाला राहत. जागापाहणीला त्यांनी स्वतः यावे आणि हद्दीचे दगड बोटाने दाखवावेत, एवढीच अट मी घातली.

समितीची तरुण नियोजक अवुओर आणि मी त्यांच्याआधी पोहोचलो. शेराच्या कुंपणाआड ज्वारी कमरेइतकी वाढली होती. मागे पत्र्याचे घर होते.

“पडीक म्हणे!” अवुओर म्हणाली. “काका, मग या कोंबड्या काय इथं सहलीला आल्यात?”

ज्वारी खुरपणारी एक बाई आमच्याकडे आली. तिचे नाव अपोंडी. कशासाठी आलो, हे मी सांगताच ती मोठ्याने हसली.

“जादुओंग,” ती मला माझ्या वयाचा मान देत म्हणाली, “ही जमीन माझ्या नवऱ्याची. आणि तो तिथं निजलाय. विचारा त्यालाच.”

घराच्या उजव्या अंगाला सिमेंटची कबर होती. तिच्यावर ओल्या सिमेंटात काडीने कोरलेले नाव मी वाचले, मग हातातला अर्ज वाचला. दोन्हीकडे ओचोला राबुरू.

“मेलेल्या माणसानं अर्ज केलाय?” अवुओर पुटपुटली.

“मेलेल्याच्या नावावर कोणीतरी केलाय,” मी म्हणालो. असे तोतये मी नोकरीत पाहिले होते. “बाई, घाबरू नका. तो आता येईलच. त्याला इथूनच पोलिसांत नेऊ.”

“येऊ दे मेल्याला. खुरप्यानं स्वागत करते त्याचं.”

मोटार फाटकाबाहेर थांबली. पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस उतरला. त्याचे ओळखपत्र मागायला मी पुढे निघालो, तेवढ्यात मागे काहीतरी पडले. अपोंडीच्या हातातले खुरपे होते ते. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत जागीच थांबली होती. तो माणूसही फाटकाला धरून उभा राहिला. मी ओळखपत्र मागितलेच नाही.

“अपोंडी,” तो म्हणाला, “तू माहेरी उयोमाला गेलीस, असं कळलं होतं मला.”

“कोणी सांगितलं? सरोवरातल्या माशांनी?”

“होडी उलटली. मी टांझानियाच्या बाजूला लागलो. महिनोन्‌महिने अंथरुणात होतो. उठलो तेव्हा एका कोळ्यानं सांगितलं, तुम्ही मला पुरलंत म्हणून.”

“तुझं प्रेत मिळालं नाही, म्हणून तुझ्या जागी यागोच्या झाडाचं फळ पुरलं, कापडात गुंडाळून!” तिचा आवाज चढला. “मी त्या फळासाठी डोकं भादरलं, ओचोला. फळासाठी रडले!”

“पुरलेला माणूस घरी परततो का, तूच सांग.”

आमच्या जमातीत तो परतत नाही, हे मलाही ठाऊक होते. ज्याच्या नावाने फळ पुरले, तो त्या घराच्या फाटकातून पुन्हा आत शिरला, तर घरातले कोणीतरी मरते, असे मानतात. शेवटी मला सुचले ते कामाचेच.

“पहिला दगड आत आहे,” मी म्हणालो. “आत येऊन दाखवा.”

त्याने पाय उचलला आणि पुन्हा रस्त्यावरच ठेवला. “जादुओंग, तुम्ही आमच्यातलेच. हे मला करायला लावू नका.”

“ये ना!” अपोंडी ओरडली. “ये की आत! बघा हो, याला स्वतःला पाऊल टाकायची भीती वाटते, आणि चाळीस घरांतली लेकरं हा इथं नांदवणार. माझं घर आणि स्वतःची कबर सपाट करून!”

अवुओरने माझ्याकडे पाहिले. असा आक्षेप समितीपुढे कधी कोणी घेतला नव्हता.

“इथं कोणी राहतं, हे मला माहीत नव्हतं,” ओचोला म्हणाला. “अर्ज द्या इकडे.” मोटारीच्या टपावर ठेवून त्याने त्यावर ‘मागे घेतला’ असे लिहिले आणि सही केली. कबरीवर होते तेच नाव.

“जमीन तुझ्या नावावर करून देतो,” तो तिला म्हणाला.

“मेलेल्याकडून भेट कसली घ्यायची?”

“कायद्याने ते जिवंत आहेत,” मी म्हणालो. “घ्या बाई. नाहीतर उद्या दुसरा कोणी अर्ज आणेल.”

ती फाटकापर्यंत आली. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांना किती वर्षांनी पाहिले असेल!

“माझ्या नाही. अतियेनोच्या नावावर कर.”

“अतियेनो कोण?”

“होडी उलटली तेव्हा पोटात होती. दवाखान्यात नर्स आहे.”

त्याने फाटक सोडले आणि रस्त्यावरच खाली बसला, चांगल्या कपड्यांनिशी, धुळीत. मग त्याने विचारले, “तिला काय माहीत आहे?”

“बाप मेला, एवढं.”

“मग तेच राहू दे.”

“ते तू ठरवायचं नाहीस,” अपोंडी म्हणाली. “मालकीपत्र हातात देईन, तेव्हा सही कोणाची म्हणून ती विचारेलच. बस इथंच. पाचला तिची ड्यूटी संपली की ती येईल.”

तो उठला नाही.