सोबतीचा सत्कार

सकाळपासून पोलीस पाटील उदारामच्या अंगणात माणसांची रीघ लागली होती. मंडपवाला येऊन गेला, हार आले, शाल-श्रीफळ आलं. आपल्या लोकांना सत्काराची भारी हौस! कोणी चांगलं काम केलं की त्याच्या गळ्यात हार घालायचा आणि मोकळं व्हायचं. मग त्या कामाला आपला हात लावायची गरजच उरत नाही.

केशोरीजवळच्या या लहानशा गावात आज सत्कार होता तो पोलिसांच्या ‘सोबत’ उपक्रमाचा. अत्याचार झालेल्या एकट्यादुकट्या माणसाला ठाण्याच्या चकरा मारायला लावायच्या नाहीत, जबाब त्याच्या घरी बसून घ्यायचा, आणि खटला संपेपर्यंत एका महिला पोलिसाने साध्या कपड्यांत त्याच्याकडे येत राहायचं, अशी ती योजना. कुडव्याची पोलीस शिपाई अल्का त्यासाठीच दर आठवड्याला मोपेडवरून देवकाबाईकडे येई.

देवकाबाई म्हणजे गावातली म्हातारी विधवा, मागेपुढे कोणी नाही. कैलाशचा बैल मेला आणि हिनेच करणी केली म्हणून त्याने दोघा मित्रांना घेऊन तिला घरातून ओढत बाहेर काढलं. हात मोडेपर्यंत मारलं. मधेच ती त्यांच्या हातून निसटली आणि धावली ती थेट पोलीस पाटलाच्या दाराकडे. “उदा, दार उघड बाप्पा,” म्हणून तिने दार बडवलं. पण कैलाश उदारामचा सख्खा भाचा. पाटलाने आतून कडी लावून घेतली. पोलिसांना मात्र सांगितलं की, मी त्या वेळी शेतावर, धानाच्या बांधीत होतो. बाकी गावानेही काहीच पाहिलं नव्हतं.

आता कोर्टातली पेशी चार दिवसांवर आली होती. साक्षीदार एकही नव्हता. मंडपात जायच्या आधी बहीण शामकला, कैलाशची आई, उदारामला गाठायला आली. “भाऊ, साहेब लोकं येवाच्या आंधी देवका बुडीले समजावजो. केस मागं घे म्हणा. माहा पोट्टा जेलात जाईन ना!”

उदारामने मान हलवली.

मंडपात अल्काने देवकाबाईला पुढच्या सतरंजीवर आणून बसवलं. तशा तिथल्या बायका उठल्या आणि मागे जाऊन बसल्या. अल्का पाणी आणायला गेल्याचं पाहून उदाराम म्हातारीजवळ वाकला. केस मागे घे, गावात गोडीने राहू, असं काहीतरी तो पुटपुटला.

देवकाबाईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. “तुह्या दाराचं मीनं पोलिसायले नाही सांगितलं, उदा. तुही पाटीलकी जाईन म्हणून. मले तं याच गावात राहा लागते. कोणाकडं तरी पाहूनच जगतो माणूस.”

जिला आपण वाऱ्यावर सोडलं, तीच आपल्याला सांभाळून घेत होती!

तेवढ्यात ठाण्याचे साहेब आले. उदारामने पेला घेऊन परतलेल्या अल्काला मंचावर यायची विनंती केली. ती जागची हलली नाही.

“पाटीलभाऊ, हार राहू द्या,” ती म्हणाली. “मी आठवड्यातून एक दिवस येते. बोअरवर मी संग असली का बाया पाणी भरू देतात. मी गेली का हिचा हंडा बाजूले. माह्या सोबतीनं काय होते? कोर्टात मी हिच्या बाजूले उभी राहीन, पण त्या दिवशी मी इथं नव्हती. जे होते त्यायनं बोलावं.”

उदाराम माइकपुढे गेला. भाषण पाठ होतं, पण त्यातला एकही शब्द आठवेना. समोर शामकला डोळे रोखून बसली होती.

“सत्कार कराची माही लायकी नाही,” तो म्हणाला. “देवकामाय माह्या दारावर आली होती. मी घरातच होतो. कोण मारून राहिलं होतं, थे मीनं पाहिलं, अन् कडी लावली. पोलिसायले खोटं सांगितलं. कोर्टात खरं सांगीन.”

शामकला ताडकन उठली आणि भावाकडे न पाहता निघून गेली. तो माइकपुढेच उभा राहिला. मग मागून केवलराम उठला. त्याचं घर पाटलाच्या समोरच. “मीनं बी पाहिलं,” एवढंच तो बोलला.

साहेबांनी दोघांचे जबाब नव्याने घ्यायला सांगितले. पाटीलकीची चौकशी होईल, हेही उदारामला स्पष्ट सांगितलं. अल्का पाण्याचा पेला देवकाबाईच्या हातात देत होती आणि मागे गेलेल्या बायकांपैकी दोघी पुन्हा पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या होत्या.

बंधुभगिनींनो, पोलिसांनी चांगलं काम केलं तर त्यांचं कौतुक जरूर करावं. पण पोलीस बिचारे आठवड्यातून एकदा येणार. बाकीचे दिवस पीडित माणूस आपल्या शेजारी राहतो. त्याच्यासाठी आपण तोंड उघडलं नाही, तर पोलिसांना घातलेला हार ही आपण स्वतःची केलेली फसवणूकच ठरेल.