मिस्त्रीने बसवलेला स्कर्ट

मिस्त्रीला कुठेही न्या, तो आधी खाली बघायचा. लग्नाला न्या, दवाखान्यात न्या, कुणाच्या मयतीला न्या, आत पाऊल टाकताच त्याची नजर जमिनीवर. फरशी कुणी बसवली, सांधे सरळ आहेत का, कोपऱ्यात पाणी तर साचत नाही ना, हे पाहून झाल्याशिवाय त्याला माणसं दिसायचीच नाहीत. त्याचाही दोष नव्हता म्हणा. अर्ध्या गावाच्या फरश्या त्यानेच बसवल्या होत्या. बँकेची त्याची, दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्याची त्याची, शाळेच्या सभागृहाचीही त्याचीच. आणि हे सगळं त्याने गुडघे टेकून केलं होतं. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला. मोडेन पण वाकणार नाही, असा बाणा माणसाने दाखवला तर लोक त्याचं कौतुक करतात. गुडघ्यांनी दाखवला की घरी बसवतात.

तेव्हापासून मिस्त्री घरीच होता. घर चालायचं ते बायकोच्या पगारावर. ती दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुवायची, इस्त्री करायची आणि कामाचा शीण दारातच सोडून घरात यायची. तिने एका शब्दाने कधी तक्रार केली नाही, पण तिने पुढे केलेला चहाचा कपसुद्धा मिस्त्रीला जड वाटायचा. दारामागच्या खुंटीवर त्याच्या कामाच्या दोन पँटी लटकत होत्या. गर्द निळ्या, जाड कापडाच्या, गुडघ्यांवर विरून जाळी झालेल्या आणि बाकी अगदी धडधाकट. त्या काढून ठेवू का, असं बायको अधूनमधून विचारायची. राहू दे तिथेच, लागतील, असं तो म्हणायचा. पुन्हा गुडघे टेकायचे नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं आणि ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

तिसरी म्हणजे त्यांची मुलगी. तिला सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तरी ती एक गिरकी घेतल्याशिवाय यायची नाही. शाळेच्या कार्यक्रमात तिच्या वर्गाचा नाच होता, गोल फेर धरून गिरक्या घेण्याचा, आणि फेराच्या मधोमध भिंगरी. त्यासाठी प्रत्येकीने आपापला स्कर्ट आणायचा होता, घोट्यापर्यंत लांब, रंगीबेरंगी आणि भरपूर घेराचा. भिंगरी दुकानात जाऊन किंमत बघून आली. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगून टाकलं, की माझा पाय दुखतोय, मला नाचातून काढा.

मिस्त्रीला हे कळलं ते खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकूंकडून. पडद्यांच्या कडा दुमडायच्या, पँटी लांब-आखूड करायच्या, ही काकूंची कामं. त्यांची नात भिंगरीच्याच वर्गात होती, त्यामुळे बातमी पक्की होती. मिस्त्री जिना चढून वर आला. त्या घरात खरोखर दुखणारे पाय एकट्या त्याचे होते, आणि पोरीने खोटं बोलायला नेमके तेच उसने घेतले होते. त्याला ते फार लागलं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "बाईंना सांग, पाय बरा झाला. स्कर्ट मी शिवतो."

मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. या माणसाने जन्मात शर्टाचं बटण लावलेलं नव्हतं. घरात शिलाई मशीन होतं, बायकोच्या आईचं, पण त्याच्या लाकडी पेटीवर टीव्ही ठेवलेला होता आणि आत काय आहे याची आठवणही कुणाला राहिली नव्हती. सुईत दोरा तरी ओवता येतो का, असं बायकोने विचारलं. फरशी बसवायला तरी मी आईच्या पोटातून शिकून आलो होतो का, असं त्याने उलट विचारलं. टीव्ही खाली उतरला. मशीन हाताने फिरवायचं निघालं, म्हणजे गुडघ्यांची परवानगी घ्यायला नको.

कापड विकत आणायचं नाही, हे न बोलताच ठरलं होतं. टेलरकाकूंनी कातरकामातून उरलेल्या तुकड्यांचं एक पोतं वर पाठवून दिलं. घरातून उशांचे जुने अभ्रे निघाले, बायकोचा विटलेला गाऊन निघाला, भिंगरीचा लहानपणीचा पिवळा फ्रॉक निघाला. बायकोने एकच अट घातली. पोत्यातलं कापड कोरं आहे, तेव्हा सगळं आधी गरम पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात कोरं आटेल, जुनं आटणार नाही आणि स्कर्ट आंबट खाल्ल्यासारखं तोंड करेल. कापडाच्या बाबतीत त्या घरात तिचा शब्द शेवटचा होता. दोन दिवस गॅलरीत चिंध्यांची तोरणं लागली.

टेलरकाकूंनी बॉबिन भरायला शिकवलं, दोरा कुठून कुठे न्यायचा ते दाखवलं आणि हिशेब सांगितला. घेर कमरेच्या तिप्पट, लांबी कमरेपासून घोट्यापर्यंत, वर नेफा आणि नेफ्यात इलॅस्टिक. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, कारण काकूंच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. दोन तुकडे जोडले की दोघांचंही थोडंथोडं कापड शिवणीत जातं, हे कुणी कुणाला सांगतं का?

मिस्त्रीच्या धंद्यात नेमकं उलटं असतं. दोन फरश्यांच्या मध्ये सांधा सोडून तो सिमेंटने भरावा लागतो आणि सांध्याने जागा वाढते. त्यामुळे त्याने पत्र्याचा साचा केला, चार-चार बोटांचे चौकोन एकाचाही कोपरा तिरका न जाऊ देता कापले आणि वर सांध्यांसाठी म्हणून एक ओळ कमीच धरली. पलंगावर त्याने सगळे चौकोन मांडले. पिवळ्यापासून लालपर्यंत तिरपे पट्टे चढत गेले. मांडणी अशी झाली, की त्या रात्री पलंगावर कुणी झोपायला धजेना. तिघांनीही खाली अंथरुणं घातली.

मग शिवण सुरू झाली. पहिली ओळ अशी वाकडी गेली, की जणू दारू पिऊन घरी निघाली होती. त्याने ती उसवली. दुसरीही उसवली. तिसरी सरळ आली आणि त्यानंतर मात्र मिस्त्रीचा हात बसला. त्याच्याबरोबर काम केलेला एक जुना गवंडी भेटायला आला, तो दारातच थबकला आणि म्हणाला, की हे काय बायकांचं काम घेऊन बसलास. मिस्त्रीने मान वर न करता त्याला उत्तर दिलं, की सरळ रेष ओढायला बाई लागत नाही आणि बुवाही लागत नाही, डोळा लागतो. गवंडी चहा पिऊन गेला. ओळीला ओळ जुळत होती, कोपऱ्याला कोपरा भिडत होता, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं. मोजपट्टी लावून बघावं असं त्याला वाटलं नाही. जुळणाऱ्या कामाला कोण मोजतं?

स्कर्ट पुरा झाला तेव्हा त्याने टेलरकाकूंनाही मुद्दाम वर बोलावलं. भिंगरी आतून घालून बाहेर आली. स्कर्ट गुडघ्याच्या जरा खाली येऊन थांबला होता. तिने गिरकी घेतली तर घेर उघडलाच नाही, उलट कापड पायांना गुंडाळलं आणि ती भिंतीचा आधार घेऊन सावरली.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली.

माझा पाय दुखतोय, हे तिने बाईंना कोणत्या आवाजात सांगितलं असेल, ते मिस्त्रीला त्या क्षणी कळलं.

टेलरकाकूंनी स्कर्ट उलटा करून शिवणी दाखवल्या. चार बोटांच्या तुकड्यातलं एक बोट शिवणीत गेलं होतं, प्रत्येक तुकड्याचं, आडवंही आणि उभंही. सांध्यांसाठी कमी धरलेली ओळ वेगळीच. ते ऐकून बायकोला हसू आवरेना. ती म्हणाली, की अक्कल गुडघ्यात असते असं लोक म्हणतात, तुमची काय गुडघ्यांबरोबरच गेली? मिस्त्रीही हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. काकूंनी इलाज सांगितला, खाली एक झालर लावा, लांबी मिळेल. लांबी मिळेल, पण घेर कुठून आणू, असं तो म्हणाला. आणि चुकीची बसलेली फरशी तो सिमेंट ओलं असतानाच उखडायचा, तिच्यावर पायपुसणं टाकून वेळ मारून न्यायची सवय त्याला नव्हती. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. त्याने ब्लेड मागितलं आणि उसवायला घेतलं.

उसवता उसवता तो विचार करत होता. प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये एक बोट जागा कमी पडत होती. जन्मभर तो दोन तुकड्यांच्या मध्ये काय भरत आला होता? त्याचा हात थांबला. तो उठला, भिंत धरत दारापर्यंत गेला आणि त्याने खुंटीवरच्या दोन्ही पँटी खाली काढल्या.

बायको स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. त्याने तिच्याकडे कात्री मागितली. तिने ती आणून दिली आणि हातातून लगेच सोडली नाही.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"गुडघ्यांचं कापड तेवढं गेलंय," तो म्हणाला. "बाकीचं अजून पुष्कळ टिकेल."

तिने कात्री सोडली आणि इस्त्री तापत ठेवली.

मग तिघंही कामाला लागली. भिंगरी उसवायची, मिस्त्री पँटींच्या दोन-दोन बोटांच्या पट्ट्या कापून जोडायचा, आणि दोन्ही कडांचं शिवणीत जाऊन मध्ये बरोबर एक बोट निळं उरायचं. यावेळी तो प्रत्येक ओळ मोजत होता. राहिलेली एक ओळही त्याने भरून काढली. बायको दवाखान्यातून दमून यायची आणि तरीही प्रत्येक शिवण उलट्या बाजूने दाबून इस्त्री करायची. न दाबलेली शिवण तिला बघवायचीच नाही. रंग तेच, तिरपे पट्टे तेच, पण मध्ये गर्द निळे सांधे आल्यावर प्रत्येक तुकडा आपापल्या जागी उठून दिसू लागला. टेलरकाकू बघायला आल्या आणि बराच वेळ बोटाने सांधे चाचपत राहिल्या. मला हे सुचलं नसतं, असं त्या म्हणाल्या. काकू कुणाला उगाच बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी घरातून निघताना मिस्त्रीने पोरीला बजावलं, "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोय तुला नाही. तिथलं अंगण मी केलंय."

सभागृह भरलेलं होतं. मिस्त्री पाय लांब करता यावेत म्हणून कडेच्या खुर्चीवर बसला. सवयीने त्याने खाली पाहिलं. सांधे अजून सरळ होते. इतकी वर्षं त्यांच्यावरून हजारो पाय गेले होते, झाडू फिरला होता, खुर्च्या ओढल्या गेल्या होत्या, आणि एकानेही कधी वाकून बघितलं नव्हतं. त्याबद्दल त्याला वाईट वाटायचं नाही. फरशीचं कामच ते.

पडदा वर गेला. मुलींनी फेर धरला आणि भिंगरी मध्ये आली. तिने पहिली गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीला पँटींच्या जाड पट्ट्यांचं वजन कामाला आलं. घेर उचलला गेला, पसरला आणि कमरेभोवती सपाट होऊन फिरू लागला. बाकीच्या मुलींचे हलके स्कर्ट फडफडत होते, हा स्थिर फिरत होता. पिवळे, लाल, विटके, कोरे, सगळे तुकडे आपापल्या निळ्या चौकटीत, एकही कोपरा न सोडता. सभागृहातल्या माना वर झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला कोपराने डिवचून स्टेजकडे बोट केलं. मिस्त्रीच्या आयुष्यात त्याचं काम लोक पहिल्यांदाच मान वर करून बघत होते. त्याची छाती अभिमानाने भरून आली आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही. तो सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिला. आपल्याच कामाला टाळी वाजवू नये, याचं त्याला भानच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बायका भिंगरीभोवती जमल्या. कुठून घेतलास, कुणी शिवला, असे प्रश्न सुरू झाले. भिंगरीने कडेच्या खुर्चीकडे हात केला.

"शिवलेला नाही, बसवलाय," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी. ही खालची फरशीपण त्यांचीच आहे."

बायकांनी आधी मिस्त्रीकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी एकदम आपल्या पायांखाली पाहिलं. एकीने तर पाय जरा बाजूला घेतला.

घरी आल्यावर भिंगरीने स्कर्ट बदलला. तो कुठे ठेवायचा हे बघत ती दारापाशी आली आणि रिकाम्या खुंटीवर तिने तो लटकवला. मिस्त्री पलंगावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. बायकोने स्कर्टाच्या कडेवरून हात फिरवला, घडी करून कपाटात ठेवू का, असं विचारलं.

"राहू दे तिथेच," मिस्त्री म्हणाला. "पुढचा बसवताना नमुना लागेल."