कपाळावरचा कागद

मी शिरूर कासारच्या बाजारपेठेतला पहिला संगणक. आता पहिला म्हणून मला कुणी ओवाळत नाही. वैजिनाथअण्णांच्या दुकानामागच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांशेजारी पडून आहे आणि माझ्या पडद्यावर बोटभर धूळ साचली आहे. पण मित्रांनो, माझ्या कपाळाकडे नीट बघा. तिथे चिकटपट्टीचा एक पिवळा चौकोन दिसेल. तो मात्र पुसू नका हं! माझी सगळी कहाणी त्या चौकोनातच आहे.

माझी जुळणी पुण्यात झाली. दोन-तीन वर्षं एका कचेरीत राबलो, मग तिथे नवा आला आणि मला विकून टाकलं. दोन हजार दोन साली अण्णांनी मला गोधडीत गुंडाळून एसटीनं गावी आणलं. वाटभर त्यांचा एक हात माझ्यावर होता. अण्णांच्या पत्नी शांतादेवीकाकूंनी पडद्याला हळद-कुंकू लावलं आणि माझ्यासमोर बसणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, असा नियम केला. दुकानात एसटीडी फोन होताच. त्याच्या तारेला मला जोडलं. लाइन लागताना मी अशी किंकाळी फोडायचो, की समोरच्या टपरीवरची माणसं हसून हसून बेजार व्हायची.

आता मुद्द्याचं सांगतो. इथली कितीतरी घरं दरवर्षी टोळ्या करून ऊसतोडीला जातात. मागे त्यांचं टपाल घेणार कोण? म्हणून वर्षानुवर्षं त्यांची पत्रं अण्णांच्या दुकानाच्या पत्त्यावर यायची. ई-मेल आली तरी अण्णांनी तीच रीत चालवली. साऱ्यांना मिळून एकच खातं उघडलं. त्याचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या लेकीचं नाव, शिवांजली. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी माझ्या कपाळाला चिकटवला.

"एक गाव, एक पेटी," अण्णा म्हणायचे. "कावून उगं धा-धा खाती?"

मलाही तेव्हा मोठा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू!

शेजारचा सुग्रीव शिंपी रोज सकाळी यायचा आणि सगळ्यांची पत्रं वाचायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. "विमलबाईच्या पोराला नोकरी लागली बे!" अशी हाळी तो भर बाजारात द्यायचा आणि विमलबाईच्या आधी स्वतःच नाचायचा. मनानं लई चांगला! संध्याकाळी यायचे निवृत्त मुंजाजी गुरुजी. त्यांना पसारा खपत नसे. वाचून झालेलं एकूण एक पत्र ते पुसून टाकायचे, वर कचऱ्याची पेटीही रिकामी करायचे. "कसं, अंगण झाडल्यासारखं वाटतं," म्हणायचे.

चपला दाराबाहेर निघत, पण स्वभाव काही निघत नसत. ते माणसाबरोबर आत येऊन माझ्यासमोर बसत.

आणि तिसरी रोहिणी. आश्रुबा आणि भिवराबाई या ऊसतोड जोडप्याची थोरली. बारावीला तालुक्यात दुसरी आलेली, पण इतकी बुजरी की तहान लागली तरी पाणी मागणार नाही. अंबाजोगाईच्या एका संस्थेत नर्सिंग शिकायचा तिचा अर्ज तिनं माझ्यावरच भरला, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मुलाखतीचं पत्र ई-मेलनं येणार होतं. भिवराबाईनं सांगून ठेवलं होतं, "टोळीची गाडी भरेपत्तुर पत्र आलं तर शिक. न्हाई आलं, तर माजलगावला मोळ्या बांधायला चल."

पत्र आलं, बुधवारी सकाळी! सुग्रीवनं उघडलं, वाचलं आणि मांडीवर थाप मारली. सोमवारी मुलाखत! ही बातमी पोरीला आपणच सांगायची, पेढे उकळायचे, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात त्याच्या बहिणीला बीडला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला आणि तो तसाच धावत सुटला.

संध्याकाळी गुरुजी बसले. पत्र उघडलेलं दिसलं, म्हणजे ज्याचं त्यानं वाचलं असणार. मी विचारलं हो, "नक्की पुसायचं?" तेवढंच विचारायची मला मुभा होती. गुरुजींनी "हो" दाबलं.

रोहिणी रोज गुरुजी उठून गेल्यावर यायची. पेटी बघायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, निघून जायची. "माझं काही आलतं का?" एवढं विचारायलाही तिची जीभ उचलत नव्हती. अन् मी? सगळं ठाऊक असून गप्प.

मंगळवारी टोळीची गाडी भरली. बोचकी, पातेली, वर कोंबड्यांची पाटी, आणि त्यात अंग चोरून बसलेली रोहिणी. सुग्रीव तेवढ्यात बीडहून उतरला.

"अगं, तू हितं काय करतीस? काल मुलाखत व्हती न्हवं तुजी?"

सगळे दुकानात आले. आश्रुबानं माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. "पत्र आलतं, आन् आमालाच कळलं न्हाई?"

"म्या वाचलं," सुग्रीव रडायलाच लागला. "मीच सांगणार व्हतो."

"मी पुसलं," गुरुजी म्हणाले.

भिवराबाई कडाडली, "आमी ऊस तोडतो, पर दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उघडून बघत न्हाई!"

अण्णा उठले आणि माझ्या कपाळावरचा कागद त्यांनी टरकन फाडला. "पयली चूक माजी हाय," म्हणाले. लगेच त्यांनी संस्थेत फोन लावला. पलीकडून सांगितलं, कारण लिहून पाठवा, विचार करू.

अण्णांनी रोहिणीच्या नावानं वेगळं खातं उघडायला घेतलं. पासवर्डची चौकट आली. सवयीनं सगळे पुढे वाकले. तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"अण्णा, तुमी तिकडं बघा. काका, गुरुजी, तुमीबी."

आणि तिघे बाप्ये निमूटपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती टंकत होती. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात एवढा मान मी दुसरा पाहिला नाही.

"माजं नाव लिही, चूक माजी हाय," सुग्रीव भिंतीकडे बघतच म्हणाला. तिनं घडलं ते सगळं लिहिलं. नाव कुणाचंच घातलं नाही.

गाडी माजलगावला गेली. शांतादेवीकाकूंनी भिवराबाईला शब्द देऊन रोहिणीला ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. सुग्रीव दाराबाहेर सुई-दोरा घेऊन ताटकळत उभा होता, पण उंबरा काही त्यानं ओलांडला नाही. रोहिणीनं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, खातं नीट बंद केलं आणि डोळे पुसत बाहेर पडली. दुपारी पत्र्याची पेटी घेऊन ती अंबाजोगाईला गेली.

आता तुमच्या घरात माझी नातवंडं आहेत, तळहातावर मावणारी. चौकस असा, नीटनेटके असा, बुजरे असा, मला सगळे आवडतात. फक्त त्यांच्यासमोर बसताना आपला स्वभाव थोडा आवरून बसा, आणि आपलं काही हरवलं तर मोकळेपणानं विचारा.

त्या उत्तरात काय लिहिलं होतं, ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. पण ते पत्र रोहिणीचं आहे. तुम्हालासुद्धा मी ते सांगणार नाही.